फ्यूज जातो तो कशासाठी?

वसई-विरारच्या पट्ट्यात वीज नाही असे घर आता शोधूनही सापडणे कठीण. ज्या वाड्यांत एके काळी बैल फिरवून रहाटाने पाणी काढीत, त्या वाड्यांत विहिरीच्या व बावखलाच्या काठी पंप बसले आहेत. चुलीजवळ मिक्सर आला, न्हाणीघरात गीझर आला, आणि गावाच्या कडेस राहणाऱ्या गरीब बंधूच्या खोलीतही एक पंखा व दोन दिवे तरी असतातच. आगगाडी तर ह्याच्याही आधी विजेवर चालू लागली. विजेची लोकल १९३६ साली विरारपर्यंत पोहोचली, त्या वेळी रुळांलगतच्या कित्येक घरांत रात्री रॉकेलची चिमणीच जळत होती. पुढे १९६९ साली आमच्याच किनाऱ्यावर तारापूर येथे अणुशक्तीपासून वीज निघू लागली. विजेची ओळख आपणांस अशी जुनी आहे. परंतु ओळख असणे निराळे व स्वभाव ठाऊक असणे निराळे. तिचा स्वभाव ठाऊक नसल्यामुळे आमच्या घराघरांतून एक चूक नित्य होते, तिच्याविषयी आज लिहावे असे आम्हांस वाटले.

एका पावसाळ्यात आगाशीच्या बाजूस एका कुटुंबाच्या भेटीस आमचे जाणे झाले. दिवेलागणीच्या वेळी घरातील दिवे एकाएकी गेले. शेजारच्या घरी उजेड होता, तेव्हा लाइट गेली नसून फ्यूज उडाला हे उघड झाले. घरचा मोठा नातू, कॉलेजात शिकणारा, चटकन स्टुलावर चढला. त्याने चिनीमातीचे पांढरे किटकॅट ओढून काढले आणि खिशातून वायरीचा एक जाडसा पदर काढून तो दोन स्क्रूंमध्ये पिळून बसवला. किटकॅट जागेवर दाबताच दिवे लागले. "आजी, आता वर्षभर बघायला नको," असे तो हसत म्हणाला. आजीबाईंनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिले व आमच्यापुढे चहा ठेवला. तो चहा आम्हांस सुखाने घेता आला नाही. कारण तेच काम आम्हीही एकदा स्वतःच्या हाताने केले होते, आणि तेही शिकलेसवरलेले असून.

पुष्कळ वर्षे झाली. आम्ही विरारच्या पूर्वेस एका जुन्या घरात भाड्याने राहत होतो. भिंतीवर लाकडी पट्ट्यांतून वायरी नेलेल्या होत्या, त्याही जुन्या, अॅल्युमिनियमच्या. दिवे व पंखे चालावेत एवढ्याच हिशेबाने त्या घातलेल्या. विजेची शेगडी व इस्त्री एकाच वेळी चालू झाली की फ्यूज जाई. दोन-तीन वेळा आम्ही दुकानातून फ्यूजची बारीक तार आणून बांधली, ती पुन्हा गेली. चौथ्या वेळेस कंटाळलो आणि जाड वायरीचा एक पदर बांधून मोकळे झालो. त्यानंतर फ्यूज गेला नाही. खोड मोडली, असे समजून आम्ही ती गोष्ट विसरूनही गेलो. काही महिन्यांनी एका रात्री आमच्या धाकट्या मुलीने आम्हांस हलवून जागे केले. "बाबा, काहीतरी जळतंय," असे ती म्हणत होती. वास खरोखरच उग्र होता. कपाटामागे हात घातला तो लाकडी पट्टी ऊन लागली. मेन स्विच बंद करून उरलेली रात्र आम्ही अंगणात काढली.

सकाळी वायरमन आला. त्याने कपाट सरकवून पट्टी उचकटली. आतील वायरीचे आवरण हातभर लांबीत वितळून काळे झाले होते, लाकडाचा कोळसा झाला होता, आणि दोन्ही तारा उघड्या पडून एकमेकींपासून बोटभरही दूर नव्हत्या. मग त्याने किटकॅट काढून पाहिले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "काका, तुम्ही फ्यूज जायला दिला नाहीत, म्हणून वायर गेली."

ह्या एका वाक्यात फ्यूजचे सारे शास्त्र आले आहे. ते आता जरा सविस्तर पाहू.

वीज तारेतून वाहू लागली की तार तापते. जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास प्रयोग करून ह्या उष्णतेचे माप शोधून काढले. त्याचा नियम असा की प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते. ही गोष्ट मनात नीट ठसली पाहिजे, कारण पुष्कळांची फसगत येथेच होते. थोडेसे ओझे वाढले तर तार थोडीशीच तापेल, असा आपला भोळा समज असतो.

आमच्याच घराचा हिशेब मांडून दाखवतो. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. उपकरणावर जितके वॉट लिहिलेले असतात त्यास २३० ने भागावे, म्हणजे ते किती अँपिअर प्रवाह ओढते हे स्थूल मानाने कळते. दोन हजार वॉटची शेगडी ८.७ अँपिअर ओढते, हजार वॉटची इस्त्री ४.३ अँपिअर. दोन्ही मिळून १३ झाले. आमचा फ्यूज होता ५ अँपिअरचा. म्हणजे ज्या मार्गाने पाच जावेत असे ठरले होते त्याच मार्गाने तेरा जात होते, आणि उष्णता मात्र अडीचपट न होता पावणेसातपट होत होती. फ्यूज वारंवार जाऊन आम्हांस हेच सांगत होता.

विजेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला एक अशक्त दुवा, म्हणजे फ्यूज होय. घरातील सर्व वायरींपेक्षा ही तार बारीक असते, म्हणून प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की सर्वांत आधी ती तापून वितळते, वाट तुटते, आणि भिंतीतील वायर वाचते. ती वितळताना ठिणगी उडते व धातूचे थेंब पडतात, म्हणून तिला चिनीमातीच्या घरात ठेवतात. चिनीमाती पेट घेत नाही. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्क शहरात दिव्यांसाठी वीज विकण्यास आरंभ केला. अशा वितळत्या तारेच्या साधनाचे एक पेटंट त्यास १८९० साली मिळाले. त्यानंतर रूप पालटले, पण मूळ युक्ती तीच राहिली.

आता जाड तार बांधली म्हणजे काय होते ते पाहा. फ्यूजसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात. ५ अँपिअरसाठी तिचा व्यास ०.२ मिलिमीटर असावा, १५ अँपिअरसाठी ०.५ मिलिमीटर. ही योग्य तारसुद्धा ठरलेल्या आकड्यावर लागलीच वितळत नाही. पाच अँपिअरची तार वितळण्यास जवळजवळ दुप्पट प्रवाह लागतो, आणि काही वेळही लागतो. तेव्हा हा पहारेकरी मुळातच जरा ढिला आहे. त्याच्या जागी सात पदरी जाड वायरीतील एक पदर बांधला, ज्याचा व्यास ०.९ मिलिमीटर असतो, तर तो वितळण्यास साठ-सत्तर अँपिअर लागतात. दरम्यान भिंतीतील बिचाऱ्या वायरीवर वीस आले, तीस आले, तरी तिला सोडवणारा कोणी नाही. वायरीवरील पीव्हीसीचे आवरण साधारणपणे ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते. तांबे वितळते १०८५ अंशांस. म्हणजे तांब्यास काही होण्यापूर्वी आवरण केव्हाच मऊ होऊन, करपून, गळून गेलेले असते. आमचे अॅल्युमिनियम तर तांब्याहून अधिक तापणारे. फ्यूज जाईना म्हणून आम्ही संतुष्ट होतो, आणि भिंतीच्या आत सारी वायरच फ्यूज झाली होती.

हे झाले अधिक ओझ्याविषयी. दुसरा प्रसंग म्हणजे शॉर्ट सर्किट. फेजची तार व न्यूट्रलची तार ह्यांच्यामध्ये दिवा, पंखा असे काही नसता त्या एकमेकींस भिडल्या, तर विजेस अडवणारे काही उरत नाही. सगळ्या वाटेचा मिळून विरोध अर्धा ओहम धरला तर प्रवाह ४६० अँपिअर होतो. पाच अँपिअरच्या मानाने तो ९२ पट, आणि उष्णता सुमारे साडेआठ हजार पट. अशा वेळी योग्य फ्यूज डोळ्याचे पाते लवण्याच्या आत जातो. "फट्" असा आवाज होतो व किटकॅट काळे पडते. फ्यूज काढल्यावर चिनीमाती काळी दिसली तर शॉर्ट सर्किट झाले असावे, आणि तार नुसती मधोमध तुटून थेंब झालेली दिसली तर ओझे अधिक झाले असावे, अशी खूण जुने वायरमन सांगतात. ती बहुधा खरी ठरते.

येथे मनातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोठेही आग लागली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "शॉर्ट सर्किटमुळे" असे छापून येते, आणि वाचणाऱ्याचे समाधान होते, जणू शॉर्ट सर्किट ही वादळासारखी दैवाधीन गोष्ट आहे. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्याच दिवशी तेरा रोगी दगावले, ते दुःख ह्या भागात कोणी विसरलेले नाही. वातानुकूलन यंत्रापासून आग सुरू झाली असे तेव्हा सांगण्यात आले. त्या प्रसंगाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु सर्वसाधारण गोष्ट म्हणून इतके सांगता येते की जेथे रक्षण करणारे साधन योग्य मापाचे व चालू स्थितीत आहे, तेथे वायरीतील शॉर्ट सर्किट क्षणात तुटते. म्हणून आगीनंतर विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा की वाट तुटली का नाही? फ्यूजमध्ये काय बांधले होते? एखादा जोड कित्येक दिवस सैल राहून तापत तर नव्हता ना?

सैल जोड हा फ्यूजच्या दृष्टीआड राहणारा शत्रू आहे, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. स्क्रू ढिला असेल तर त्या एका ठिकाणी भयंकर उष्णता होते, पण तारेतून जाणारा प्रवाह मात्र वाढत नाही, म्हणून फ्यूजला काही कळत नाही. आमच्या भागात खारे वारे वाहतात. अर्नाळा, राजोडी, भुईगाव असल्या समुद्रालगतच्या गावांत पितळी स्क्रूवर हिरवा थर चढतो, लोखंडास गंज लागतो, आणि जोड आपोआप कमकुवत होतात. स्विचबोर्ड हातास ऊन लागला, बटण दाबताना चरचर आवाज आला, अथवा प्लगची भोके पिवळी-काळी पडली, तर फ्यूज शाबूत आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

हल्ली नवीन घरांत किटकॅट दिसत नाही. त्या ठिकाणी ओळीने लहान खटके असतात, त्यांस एमसीबी म्हणतात. जर्मनीतील मानहाइम येथील हुगो श्टोट्झ ह्यांच्या कारखान्याने १९२४ साली अशा लहान घरगुती खटक्याचे पेटंट घेतले. ह्या डबीत दोन पहारेकरी असतात. एक सावकाश काम करणारा, तो म्हणजे दोन निरनिराळे धातू एकास एक चिकटवून केलेली पट्टी. तापल्यावर एक धातू अधिक वाढतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि वाकता वाकता खटका सोडते. थोडे ओझे फार वेळ राहिले तर हा जागा होतो. दुसरा अत्यंत चपळ, तो तारेच्या वेटोळ्याचा लोहचुंबक. शॉर्ट सर्किटच्या प्रचंड प्रवाहाने तो एकदम बलवान होऊन खटक्यास हिसका देतो. वाट तुटताना जी ठिणगी उठते ती विझवण्यासाठी आत पातळ पत्र्यांची एक रांग असते. ठिणगी तिच्यात शिरून तुकडे तुकडे होते व मरते. खटका वर धरून ठेवला तरी ही वाट आतल्या आत सुटतेच, म्हणजे हट्टी मनुष्याच्या बोटापासूनही घराचे रक्षण होते. जाड तार बांधण्याचा मोह तर येथे उरतच नाही. नवा मोह मात्र उत्पन्न झाला आहे. सोळाचा खटका वारंवार पडतो म्हणून लोक दुकानातून बत्तीसचा आणून बसवतात. आगाशीच्या त्या तरुणाने जे केले तेच हे, फक्त अधिक पैसे खर्चून.

खटक्याचे माप वायरीवरून ठरते, उपकरणावरून नव्हे. दिवे-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर तिच्यावर सहा किंवा दहाचा खटका. प्लगसाठी अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर सोळाचा, अशी सामान्य रीत आहे. मोठा खटका हवा असेल तर आधी वायर मोठी घालावी.

वाडीवाल्या बंधूंची एक तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो की पंप सुरू करताच एमसीबी पडते, जुन्या फ्यूजवर मात्र पंप बरा चालत असे. ह्यात एमसीबीचा दोष असतोच असे नाही. मोटर थांबलेल्या स्थितीतून उठताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह क्षणभर ओढते. फ्यूजची तार तापण्यास वेळ लागतो म्हणून ती हा क्षण सोसते. चपळ लोहचुंबक सोसत नाही. एमसीबीवर आकड्याच्या आधी एक इंग्रजी अक्षर असते. बी अक्षराची एमसीबी तीन ते पाच पट प्रवाहावर तत्काळ पडते, सी अक्षराची पाच ते दहा पटीवर, आणि डी अक्षराची दहा ते वीस पटीवर. पंपास बहुधा सी अथवा डी लागते. ह्याचा अर्थ असा की अक्षर बदलावे, आकडा वाढवू नये.

तीन फेजच्या पंपाच्या बाबतीत तर फ्यूज कधी कधी घातकही ठरतो. तीन फ्यूजपैकी एकच गेला, तर मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, गुंगुं असा जड आवाज करते, पाणी कमी फेकते, आणि धन्याच्या ध्यानात येईपर्यंत तिचे वाइंडिंग जळून जाते. एकमेकांस जोडलेली तीन खांबी एमसीबी तिन्ही फेज एकदम तोडते, परंतु महावितरणाच्या बाजूनेच एक फेज गेली तर तिचाही उपयोग नाही. त्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले व एक फेज गेल्यास मोटर थांबवणारे साधन असावे लागते. मोटर पुन्हा भरून घेण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

आता ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. फ्यूज अथवा एमसीबी वायरीचे रक्षण करते. मनुष्याचे रक्षण करण्यासाठी ती केलेलीच नाही. घरात एमसीबी बसवली, आता शॉक लागून कोणी मरणार नाही, असे सांगणारे लोक आम्हांस भेटले आहेत. हा समज जीवघेणा आहे. ओल्या हाताने उघडी तार धरली तर शरीरातून साधारण दशांश किंवा दोन दशांश अँपिअर प्रवाह जातो. मनुष्याचे हृदय बंद पाडण्यास तेवढा पुरे. सहा अँपिअरच्या खटक्यास तो जाणवतही नाही. एका लहान दिव्याइतकेच ते ओझे. मनुष्य तारेला चिकटून तडफडत असता खटका शांतपणे वर उभा राहतो.

मनुष्यासाठी निराळे साधन आहे, त्यास आरसीसीबी म्हणतात. फेजने जितका प्रवाह घरात आला तितकाच न्यूट्रलने परत गेला पाहिजे. जर परत जाणारा कमी भरला, तर उरलेला कोठेतरी गळत आहे, भिंतीतून, फ्रीजच्या पत्र्यातून, अथवा कोणाच्या शरीरातून. आरसीसीबी दोहोंची सतत तुलना करते, आणि ०.०३ अँपिअरचा फरक पडताच काही दशांश सेकंदात, फरक मोठा असेल तर त्याहूनही लवकर, वाट तोडते. सहा अँपिअरच्या खटक्याशी ताडून पाहिले तर हे माप दोनशे पट नाजूक आहे. तिच्यावर एक लहान टेस्ट बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर खटका पडला नाही तर ती निकामी झाली असे समजून बदलावी. आरसीसीबी अधिक ओझे ओळखत नाही, म्हणून तिच्या जोडीस एमसीबी हवीच. दोघींची कामे निराळी आहेत.

आमच्याकडे पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडते, आणि मग कोणी "अनुभवी" गृहस्थ ती वगळून सरळ जोडणी करून देतो. ओलीने कोठेतरी वीज गळत असते म्हणूनच ती पडते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारभर पाणी भरले, मिठागरांतील माणसे अडकून पडली, आणि कित्येक भागांत वीज बंद राहिली. त्या दिवसांत लोकांनी महावितरणास पुष्कळ बोल लावले. काही बोल योग्यही असतील, पण पाण्यात बुडालेल्या मीटरला वीज सोडणे हे उपकाराचे काम झाले नसते. घरात पाणी शिरू लागले तर ते बोर्डापर्यंत चढण्यापूर्वीच कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. पाय पाण्यात असतील तर बोर्डास हात लावू नये; १९१२ ह्या क्रमांकावर कळवावे व लाइनमनची वाट पाहावी. कोणी तारेस चिकटला असेल तर त्यास हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्यास दूर करावे.

अर्थिंगचा उल्लेखही येथेच केला पाहिजे. फ्रीजच्या पत्र्यास आत फेज लागली आणि पत्रा जमिनीशी जाड तारेने जोडलेला असला, तर मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज किंवा एमसीबी पडते, आणि पत्र्यास हात लावण्यापूर्वीच धोका टळतो. अर्थिंग नसेल तर तो पत्रा वाट पाहत बसतो. मीठ व कोळसा भरून खड्डा करण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे, परंतु एकदा केलेला खड्डा वीस वर्षे कोणी पाहत नाही. खाऱ्या मातीत ती पट्टी केव्हाच गंजून तुटलेली असते. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडून तो दोन भोकांत बसवणारेही आम्ही पाहिले आहेत.

जुन्या घरांविषयी एक गोष्ट राहिली. पूर्वी काही ठिकाणी फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारांत फ्यूज घालीत. न्यूट्रलचा फ्यूज आधी गेला तर दिवा विझतो आणि माणूस समजतो वीज गेली. होल्डरमध्ये मात्र फेज तशीच जिवंत असते, आणि बल्ब काढावयास गेलेल्याचा घात होतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलच्या तारेत स्वतंत्र फ्यूज ठेवण्यास मनाई केली होती. आपल्या बोर्डावर एकाच जोडणीस दोन किटकॅट दिसत असतील, तर परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावेत. मीटरच्या अलीकडे असलेला सील केलेला फ्यूज महावितरणाचा असतो. त्यास आपण हात लावू नये.

आगाशीच्या त्या घरी चहा संपल्यावर आम्ही नातवास जवळ बसवून आमच्या जळलेल्या पट्टीची हकीकत सांगितली. तो मुलगा गुणी. त्याने वाद घातला नाही. मेन बंद करून जाड पदर काढला आणि कोपऱ्यावरील दुकानातून पाच अँपिअरची तार आणून बांधली. मेन लावताच पाच मिनिटांत फ्यूज पुन्हा गेला. मग आम्ही सर्वांनी मिळून एकेक बटण बंद ठेवून पाहिले. ओटीवरील दिव्याचे बटण बंद असताना फ्यूज टिकला, ते दाबताच गेला. दुसऱ्या दिवशी वायरमनने बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा कौलांतून गळणारे पाणी वायरीवरून ओघळून होल्डरमध्ये साचलेले होते, आणि आतील दोन्ही टोकांवर हिरवा-काळा थर बसला होता. त्या दिव्याखाली आजीबाई रोज सायंकाळी पत्र्याच्या खुर्चीवर बसून फुले निवडीत असत. होल्डर बदलला, दोन कौले बदलली, आणि दिवाळीपूर्वी त्यांनी आरसीसीबीही बसवून घेतली. टेस्ट बटण दाबण्याचे काम आजीबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेस त्या ते दाबतात, खटका पडला की घरातील मुले ओरडतात, आणि मग नातू येऊन तो पुन्हा वर करतो.